आर्चबिशपचा नकार

माझ्या घरात गेली काही वर्षं एक आर्चबिशप राहतो. जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग त्याचा आणि उरलेला आमचा. त्याच्याविषयीची पुस्तकं, झेरॉक्स आणि माझा लॅपटॉप यांचा पसारा रोज थोडा थोडा सरकत ताटांपर्यंत येतो, मग नवरा तो कोपराने मागे ढकलून जेवायला बसतो. जेवता जेवता विचारतो, "काय, झाला का तुझा बिशप अपॉइंट?" मी सांगते, नाही, दोन्ही राजे अजून अडून बसलेत. मग तो भाजी मागतो आणि विषय संपतो.

हा आर्चबिशप माझ्या पीएचडीचा विषय आहे. इकडे न्यू जर्सीत आल्यापासून मी सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेतला. पुढे कंपनीने आमचा अख्खा विभागच गुंडाळला. माझी दोन्ही मुलं पिस्कॅटवेजवळच्या विद्यापीठात शिकली, त्यांना सोडून-आणून तिथल्या सगळ्या पार्किंग लॉटशी माझी ओळख झाली होती. तेव्हा आपणच का जाऊ नये, असं मनात आलं आणि पन्नाशी उलटल्यावर मी मध्ययुगीन इतिहासाला नाव घातलं. मैत्रिणी म्हणाल्या, या वयात लोक बागकाम करतात. एका काकांनी जरा तिरकसपणे विचारलं, आपला इतिहास कमी पडला का? मी म्हटलं, आपला इतिहास वाचताना मला दुसऱ्या पानावर राग येतो. आर्चबिशपांत माझे कुणी नातेवाईक नाहीत, म्हणून डोकं शांत राहतं.

हे अर्धंच खरं होतं. पहिल्याच सत्रात एका जुन्या बखरीचा उतारा वाचायला दिला होता. त्यात कॅथेड्रलचे पुरोहित नवा आर्चबिशप निवडायला एका दालनात बसतात, एकमेकांचे जुने हिशेब काढतात, एक जण रुसून निघून जातो आणि दाराशी जाऊन पुन्हा येतो. मला वाटलं, ही तर आपल्या मंडळाची वार्षिक सभा. तेव्हापासून मी त्या लोकांना धरून बसले.

माझ्या अभ्यासातलं ते धर्मपीठ दोन राज्यांच्या सीमेवरचं. आर्चबिशप म्हणजे नुसता मोठा पाद्री नव्हे. त्याच्या जमिनी असायच्या, किल्ले असायचे, राजाच्या डोक्यावर मुकुट तो ठेवायचा. त्याने तोंड फिरवलं तर राजाला राज्य करणं जड जायचं. नियमाने त्याची निवड पुरोहितांनी करायची. प्रत्यक्षात जुना आर्चबिशप डोळे मिटायचा अवकाश, दोन्हीकडचे राजे आपापला माणूस पुढे करायचे. थेट हुकूम क्वचितच. निवड तुमची, आम्ही मध्ये पडत नाही, फक्त अमुक एक गृहस्थ फार योग्य आहेत एवढं ध्यानात असू द्या, असा निरोप यायचा. निरोप आणणाऱ्याच्या मागे घोडेस्वार उभे असायचे.

आणि ज्याची निवड व्हायची तो काय करायचा? तो नाही म्हणायचा. माझी योग्यता नाही, मी पापी, मला सोडा. कुणी रडायचा, कुणी मठात जाऊन लपायचा, आणि लोक त्याला शोधून, ओढून आणून आसनावर बसवायचे. यावर मी एक अख्खं प्रकरण लिहिलं होतं. माझ्या प्राध्यापिका अमेरिकन, माणूस म्हणून चांगल्या, पण कात्री सतत हातात. त्यांचं म्हणणं, हा सगळा ठरावीक उपचार आहे, सगळेच नाही म्हणायचे, तेव्हा त्या नाहीला काही अर्थ नाही, प्रकरण काढून टाक. माझ्याकडे प्रतिवाद नव्हता. तरी मी ते काढलं नाही. अर्थ नसता तर लोकांनी शतकानुशतकं तो उपचार सांभाळला कशाला, एवढंच डोक्यात फिरत होतं.

त्याच सुमारास आमच्या देवळातले मुख्य गुरुजी निवृत्त झाले आणि मुलाकडे राहायला गेले.

आमचं देऊळ म्हणजे पूर्वीचं एक गोदाम. वर देव, खाली तळघरात सभागृह आणि स्वयंपाकघर. तिथे एक सहायक गुरुजी होते, चाळिशीचे, कृष्णाकाठचे. सत्यनारायण, बारशी, नव्या गाड्यांना हळदकुंकू, सगळं ते करत. हिवाळ्यात सकाळी देवळाच्या पायऱ्यांवरचं बर्फही तेच फावड्याने काढत. माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा बाहेर वादळ होतं, रस्ते बंद व्हायला आले होते. गुरुजी आले. विधी झाल्यावर उठायची घाई केली नाही. सासूबाई दर एकादशीला त्यांना फोन करून साबुदाण्याची खिचडी मोकळी झाली की चिकट, हे सांगत असत, हे आम्हाला त्या दिवशी त्यांच्याकडून कळलं. मी त्या आठवड्यात पहिल्यांदा तेव्हा हसले, आणि मग रडले. ते मी विसरणार नाही.

या गुरुजींचं इथलं राहणं देवळाच्या कागदांवर अवलंबून होतं. सहायकाच्या जागेची मुदत संपत आली होती, आणि कायमची जागा देवळात एकच. ती दुसऱ्याला मिळाली की यांना बायको आणि हायस्कुलात जाणारी मुलगी घेऊन परत जायचं. हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणजे कुणीच बोलत नव्हतं.

बोलणं चालू होतं ते दुसऱ्याच दोघांचं, कारण आमच्याकडेही दोन राजे होते. थोरले म्हणजे डॉक्टरकाका. इथे फार पूर्वी आलेले, निवृत्त हृदयतज्ज्ञ, देवळाचे संस्थापक अध्यक्ष. गोदाम त्यांच्याच पुढाकाराने घेतलेलं. धाकटा पुण्याचा, चाळिशी नुकतीच ओलांडलेला, कंपनी काढून विकून मोकळा झालेला. तळघरातलं स्वयंपाकघर आणि मोठं पार्किंग त्याच्या देणगीतलं. दोघं भेटले की एकमेकांची फार विचारपूस करत, आणि पाठ वळली की एक म्हणे, या पोराला देव म्हणजे ॲप वाटतो, आणि दुसरा म्हणे, काका अजून एकोणीसशे पंच्याहत्तरमध्ये राहतात यार.

काकांची एक गोष्ट देवळाच्या वर्धापनदिनी दर वर्षी ऐकावी लागे. अध्यक्ष व्हा म्हणून लोक घरी कसे आले, काकांनी कसं नको म्हटलं, लोक पुन्हा कसे आले, पुन्हा काकांनी नकार कसा दिला, आणि शेवटी कुणी तरी हातात नारळच ठेवला, मग काय करणार. नारळापर्यंत आलं की मागच्या रांगेतली मुलं घड्याळ बघायला लागत. मीही बघत असे.

नव्या गुरुजींसाठी निवड समिती नेमली, तीत मला घेतलं. इतिहास शिकतेय म्हणजे फावला वेळ असणार, असा हिशेब. समितीची प्रमुख मुंबईची, एका मोठ्या कंपनीत एचआर सांभाळणारी, कामाला वाघ. पहिल्या सभेला डॉक्टरकाका मुद्दाम आले आणि म्हणाले, निवड तुमची, मी मध्ये पडणार नाही, फक्त तिकडे जॉर्जियात, अल्फारेटाला, एक काशीत शिकलेले पंडित आहेत, त्यांचं वेदपठण एकदा ऐका. दुसऱ्या सभेला धाकटा आला. तोही मध्ये पडणार नव्हता. फक्त कॅलिफोर्नियात, सांता क्लाराला, एक तरुण पंडितजी आहेत, इंग्लिशमध्ये अर्थ सांगतात, त्यांच्या व्हिडिओंना मुलंसुद्धा लाइक करतात, तेवढं कन्सिडर करा. मी खाली मान घालून हसत होते. घोडेस्वार तेवढे कमी होते. पण तेही होते म्हणा, कारण समितीतले निम्मे लोक काकांचे जुने पेशंट आणि उरलेले धाकट्याच्या कंपनीत कामाला लागलेले.

आपल्याच गुरुजींचं काय, असं मी विचारलं. समितीप्रमुख म्हणाली, त्यांना फोन केला होता, ते इंटरेस्टेड नाहीत.

मला धक्का बसला. नेमकं काय बोलणं झालं ते मी खोदून विचारलं. तिने सरळ सांगितलं. तिने विचारलं होतं, गुरुजी, तुम्ही अप्लाय करणार का? गुरुजी म्हणाले, "छे छे, मी कसला. तुम्ही कुणी थोर माणूस बघा." तिने थँक यू म्हटलं आणि फोन ठेवला.

मी म्हटलं, अगं, हा काय नकार झाला? ती शांतपणे म्हणाली, "ताई, नो म्हणजे नो. आपण आपल्या मुलांना हेच शिकवतो ना? मी त्यांचा डिसिजन रिस्पेक्ट केला."

खरं सांगायचं तर ती चूक नव्हती. माझ्या मुलीला मी स्वतः हेच शिकवलं आहे, आणि पुन्हा शिकवीन. आमच्या लहानपणी नाही म्हणणाऱ्या मुलींचं कुणी ऐकत नसे, त्याचे परिणाम मी माझ्या मावश्यांच्या आयुष्यात पाहिले आहेत. म्हणून त्या दिवशी मी गप्प बसले. पण घरी येईपर्यंत मला राग आला होता आणि तो कुणावर हे कळत नव्हतं. एखाद्याला नको असलेलं गळ्यात मारणं वेगळं. आणि हवं असलेलं ज्याला मागता येत नाही, त्याला पुन्हा विचारणं वेगळं. यातलं कुठलं इथे आहे, हे तिथे जाऊन बघितल्याशिवाय समजणार नव्हतं.

मी गुरुजींच्या घरी गेले. निमित्त म्हणून डब्यात खोबऱ्याच्या वड्या नेल्या. गुरुजी कुणाच्या तरी गृहप्रवेशाला गेले होते, मुलगी शाळेत. त्यांची बायको पोळ्या लाटत होती. मी स्टुलावर बसले आणि इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर विचारलं, गुरुजींनी ही जागा का नाकारली? तिने लाटणं थांबवलं नाही.

"काकू, ह्यांना एकदाच विचारलं," ती म्हणाली.

तव्यावरची पोळी फुगली, ती तिने उतरवली, मग हळूहळू बाकीचं सांगितलं. त्यांच्या घरात पद मागायचं नाही आणि देऊ केलं तर झडप घालायची नाही, असं लहानपणापासून बिंबवलेलं. देवाचं काम हावरटासारखं घ्यायचं नसतं. त्या फोननंतर आठवडाभर गुरुजी घरात फोन खिशात न ठेवता समोर ठेवत होते. कुणी तरी परत विचारेल, एवढी आशा होती. मग अल्फारेटा आणि सांता क्लाराची नावं कानावर आली, आणि त्यांनी फोन पुन्हा खिशात ठेवायला सुरुवात केली. हे मी तुम्हाला सांगितलं असं त्यांना कळू देऊ नका, असं तिने दोनदा बजावलं. मी निघताना तिने चहा घ्या म्हटलं. मी नको म्हटलं. तिने ऐकलं नाही, आधण ठेवलं होतंच.

पार्किंगमध्ये गाडीत बसून मी बराच वेळ चावी फिरवली नाही. माझं ते काढून टाकायचं प्रकरण मला तिथे समजलं. तो नकार म्हणजे नाटक नव्हतं. तो एक प्रश्न होता: मी तुम्हाला खरंच हवा आहे का, की जागा रिकामी आहे म्हणून विचारताय? त्याचं उत्तर लोकांनी परत येऊन द्यायचं असे. माझ्या त्या आर्चबिशपांना लोक परत येणार याची खात्री होती. आमच्या गुरुजींना ती इथे कोण देणार? इथे लोक एका फोनवर समजून घेतात, थँक यू म्हणतात आणि पुढच्या कामाला लागतात.

मी ठरवलं की यांना परत विचारायचं, आणि दोन्ही राजांनी घरी जाऊन विचारायचं. नुसतं मी जाऊन उपयोग नव्हता. माझ्या मागे ना पेशंट ना पार्किंग.

समितीच्या सभा चालूच होत्या. मत घेतलं की निम्मे अल्फारेटा, निम्मे सांता क्लारा. पुन्हा घेतलं की पुन्हा तेच. फोल्डिंगच्या खुर्च्यांवर बसून सगळ्यांच्या पाठी दुखायला लागल्या. एका रविवारी काका आणि धाकटा दोघंही आले होते, दोघंही मध्ये न पडता. वरून आरतीची घंटा ऐकू येत होती, ती सहायक गुरुजीच वाजवत होते. मी म्हटलं, मला एक गोष्ट सांगायची आहे, माझ्या अभ्यासातली. कुणी तरी सुस्कारा टाकला. मी तिकडे लक्ष दिलं नाही.

मी सांगितलं की माझ्या त्या पीठातही असंच झालं होतं. दोन राजे, दोन माणसं, आणि निवड होईना. जागा रिकामी राहिली. शेवटी पुरोहितांनी आपल्यातलाच एक माणूस उचलला, जो रोज तिथली प्रार्थना चालवत होता आणि ज्याचं नाव कुठल्याच राजाने घेतलं नव्हतं. राजे रागावले, पण थोडेच दिवस. कारण आपला माणूस झाला नाही तरी समोरच्याचाही झाला नाही, याचं समाधान दोघांनाही मिळालं.

यावर काही जण हसले. धाकटा हसला आणि मग विचारात पडला. मला दिसत होतं, त्याच्या डोक्यात काशीचे पंडित मागे पडत होते.

समितीप्रमुखाने आठवण करून दिली की गुरुजींनी नाही म्हटलंय. काकांनीही मान डोलावली, "विचारलंय ना त्यांना."

मी म्हटलं, "एकदा विचारलंय, काका. तुम्हाला किती वेळा विचारलं होतं?"

काकांना प्रश्न कळायला जरा वेळ लागला. कळला तेव्हा त्यांचा चेहरा आधी लाल झाला. मला वाटलं, आता मी समितीतून गेले. पण काका चष्मा काढून पुसत बसले, आणि मग त्यांनी समितीप्रमुखाला विचारलं की तिने गुरुजींना घरी जाऊन विचारलं की फोनवर. फोनवर, ती म्हणाली. मी म्हटलं, मग आता तुम्ही दोघांनी त्यांच्या घरी जाऊन विचारा.

ती मात्र मागे हटली नाही आणि मला त्याबद्दल तिचं कौतुक आहे. ती म्हणाली, तुम्ही त्या माणसावर प्रेशर टाकताय, दोन मोठी माणसं घरी गेल्यावर तो नाही कसा म्हणेल? मी म्हटलं, बरोबर आहे. म्हणून तिथे कुणी त्यांची जागा, व्हिसा, मुलीची शाळा यातलं अक्षर काढायचं नाही. आणि इतकं करून ते शेवटपर्यंत नकोच म्हणाले, तर मी सगळ्यांसमोर तुझी माफी मागीन आणि समिती सोडीन. ती म्हणाली, ठीक आहे. त्या दिवशी घरी येऊन मी प्राध्यापिकांना कळवलं की प्रकरण राहणार. कारण नंतर सांगेन म्हटलं.

काका आणि धाकटा दोघंही यायला तयार झाले, आणि आम्ही तिघं शनिवारी दुपारी गेलो. गुरुजी दुसऱ्या मजल्यावर राहतात आणि तिथे लिफ्ट नाही. काकांचे गुडघे कामातून गेलेले. कठड्याला धरून प्रत्येक पायरीवर थांबत ते चढले. त्यांच्या हातात एक कापडी पिशवी होती, ती ते कुणाला धरू देईनात. धाकटा त्यांच्या मागून हात पसरून चालत होता, काका पडले तर झेलायला. दार गुरुजींच्या मुलीने उघडलं, "हाय अंकल, हाय आंटी," म्हणाली, आणि आम्हाला तिघांना एकत्र बघून आईला हाक मारत आत पळाली.

गुरुजी गोंधळले. त्यांनी काकांना खुर्ची दिली, धाकट्याला सोफा, आणि स्वतः उभेच राहिले. आम्ही बसा बसा म्हटल्यावर कडेला टेकले.

धाकट्याने सुरुवात केली. तो अशा गोष्टी पटकन करतो. "सो गुरुजी, आम्हाला वाटतं, आता हेड प्रीस्ट तुम्हीच व्हावं."

गुरुजींनी दोन्ही हात जोडले. छे छे, माझी काय योग्यता, असं म्हणाले.

"ओके, नो प्रेशर गुरुजी," म्हणत धाकटा उठायला लागला. सवयच तशी. मी त्याच्या जॅकेटची बाही पकडली आणि त्याला खाली बसवलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी नुसती मान हलवली. आत्ता हा उठला असता तर सगळं संपलं असतं, आणि आम्ही सगळ्यांनी गुरुजींचा निर्णय रिस्पेक्ट केला असता.

मग काका बोलले. सावकाश, त्यांच्या जुन्या मराठीत. देवळाला तुमची सवय झाली आहे, माणसांनाही झाली आहे, तुम्ही हे पत्करावं अशी आमची इच्छा आहे, असं काहीसं. गुरुजी खाली बघत होते. म्हणाले, "काका, तुम्ही पाहिलेले पंडित फार मोठे. मी त्यांच्या पासंगालाही पुरणार नाही."

हा दुसरा नकार. आता धाकटासुद्धा हलला नाही. स्वयंपाकघराच्या दारात गुरुजींची बायको उभी होती, पदराचं टोक मुठीत धरून. तिच्या मागे मुलगी. त्या मुलीला हा प्रकार कितपत कळत होता कोण जाणे, पण तिने फोन पाठीमागे धरला होता आणि ती बापाकडे टक लावून बघत होती. मला एकदम भीती वाटली की मी चुकले असेन. की त्यांना खरंच नको असेल, घरी परत जायचं असेल, आणि मी माझ्या प्रबंधासाठी एका माणसाला कोपऱ्यात गाठलं असेल.

काकांनी पिशवीत हात घालून नारळ काढला. तो गुडघ्यावर धरून ते म्हणाले, "मी हा आणलाय, गुरुजी. परत घेऊन जाऊ का?"

गुरुजींनी दाराकडे, बायकोकडे बघितलं. मग उठले, आत जाऊन हात धुऊन आले, खुंटीवरचं उपरणं खांद्यावर घेतलं आणि काकांसमोर वाकून दोन्ही हात पुढे केले. काकांनी नारळ दिला. गुरुजींची बायको दारातून नाहीशी झाली, पण तिने नळ सोडून दिलेला आम्हाला ऐकू येत होता, आणि तो ती बंद करीना. मीही डोळे पुसले, लपवले नाहीत.

चहा आला, शिरा आला. काकांना राहवलं नाही. म्हणाले, "अहो, मग तेव्हाच हो म्हणायचं होतंत. आमच्या सभा तरी वाचल्या असत्या."

गुरुजी काकांच्या बशीत शिरा वाढत होते. ते म्हणाले, "तेव्हा फोन आला होता, काका."

त्यात तक्रार नव्हती.

समितीप्रमुखाला मी जिन्यातूनच फोन करून कळवलं. तिने विचारलं, तिसऱ्यांदाही नाही म्हणाले असते तर? मी म्हटलं, तर तुझी माफी मागितली असती, आणि तो नकार खरा आहे हे मलाही पटलं असतं. ती म्हणाली, यापुढे मी दोनदा विचारीन. निम्मी वाट ती आली, एवढं मला पुरे होतं.

आम्ही खाली पार्किंगमध्ये आलो. काका दमले होते, गाडीला टेकून उभे राहिले. म्हणाले, माझ्या वेळी आमच्या घरी केवढी माणसं आली होती, बाहेर चपलांना जागा नव्हती, ही आतून कपांवर कप भरून पाठवत होती. काकांच्या पत्नी गेल्याला बरीच वर्षं झाली. ती गोष्ट मी दर वर्षी घड्याळ बघत ऐकली होती, आणि ती नारळाची नसून चपलांची गोष्ट आहे, हे मला कधी कळलं नव्हतं. मग काका सहज म्हणाल्यासारखं म्हणाले, माझ्याकडे चला, पिठलं-भात टाकतो.

"नेक्स्ट टाइम काका, एक कॉल आहे," धाकटा म्हणाला. काका बरं म्हणाले आणि गाडीचं दार उघडायला वळले.

धाकटा चावी हातात घेऊन उभा राहिला. एकदा वर, गुरुजींच्या खिडकीकडे बघितलं त्याने. मग दोन पावलं पुढे येऊन काकांचं उघडलेलं दार धरलं.

"काका," तो म्हणाला, "अजून एकदा विचारा ना."

काकांनी विचारलं.